इतवारीतले ते शनिवार

जानेवारी 2023 मध्ये 108वी भारतीय विज्ञान काँग्रेस नागपुरात भरली. नागपूर विद्यापीठाचं शताब्दी वर्ष होतं. अमरावती रोडच्या परिसरात मांडव पडले, शाळकरी मुलांची रीघ लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं निधी काढून घेतला आणि पुढची काँग्रेस भरलीच नाही. 1914 पासून चालत आलेली गोष्ट आपल्या गावात येऊन अडली, हे मनाला लागलं. इतवारी या जुन्या बाजारपेठेतल्या मुलांच्या हातातून मात्र विज्ञान त्याच्या कितीतरी आधी निसटलं होतं.

शाळांतल्या विज्ञानाचं ऐंशीचं दशक थर्माकोलच्या ज्वालामुखींत गेलं. हातानं प्रयोग करण्याचा खरा काळ नव्वदचा. 1992 मध्ये गांधीसागरासमोर रमण विज्ञान केंद्र उघडलं, पुढे 1997 मध्ये तिथं तारांगणही आलं. आम्ही विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करणारी काही मंडळी शनिवारी सकाळची शाळा सुटली, की इतवारीतल्या शाळेत जायचो. सामान तिथलंच: वाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार, प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, पट्टीचुंबक. गॅल्व्हनोमीटर तेवढा प्रयोगशाळेतून मागून आणलेला.

पाइपवर तार गुंडाळायची, टोकं घासून इनॅमल काढायचं आणि चुंबक आत घालायचा. काटा हलला की वर्ग ओरडायचा. चुंबक आतच धरून ठेवला, की काटा शून्यावर. बाहेर ओढला, की उलटीकडे. नववीतल्या एका पोरानं चुंबक कितीतरी वेळ आतबाहेर केला आणि विचारलं, "सर, मंग मोटर हातानं फिरवली तं करंट येईन का?" त्याच्या बापाचं वाइंडिंगचं दुकान होतं. पुढच्या शनिवारी तोच टेपरेकॉर्डरची मोटर घेऊन आला. दांडा फिरवला, काटा सरकला. फॅरेडेचं नाव आम्ही त्यानंतर फळ्यावर लिहिलं.

24 ऑक्टोबर 1995 चं सूर्यग्रहण दिवाळीतच आलं. आपल्याकडे ते खंडग्रास होतं, तरी सराफा ओळीत चिटपाखरू नव्हतं. आम्ही पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून भिंतीवर सूर्याची कोर पाडली. आधी पोरं जमली, मग पदराआडून त्यांच्या आयाही.

हे शनिवार बंद का पडले? एका मुख्याध्यापकांनी "हे कोणत्या धड्यात येतं?" विचारून वर्ग नाकारला. आमच्या एका वरिष्ठांनी "यानं प्रबंध पुढे सरकतो का?" म्हणत गॅल्व्हनोमीटर कुलपात ठेवला. दोघांबद्दलचा राग अजून गेलेला नाही. 2010 नंतर प्राध्यापकांच्या बढत्या गुणांकनाला बांधल्या गेल्या, शोधनिबंधांची मोजदाद सुरू झाली आणि शनिवार कुणालाच परवडेना.

मुलांना विज्ञानाकडे ओढण्यासाठी 2008 मध्ये केंद्राची 'इन्स्पायर' योजना आली. तिच्या पाच दिवसांच्या शिबिरांत मोठे शास्त्रज्ञ मुलांना भेटायचे, ते चांगलंच होतं. पण बोलावणं दहावीत वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना. मोटर घेऊन आलेलं आमचं पोर त्या यादीत कधीच बसलं नसतं. महापालिका शाळांची मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात साध्या सामानातले प्रयोग स्वतः करून दाखवतात, एवढा एक आधार उरला आहे.

काँग्रेस पुन्हा भरेल, न भरेल. विद्यापीठानं मात्र प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याचा महिन्यातला एक शनिवार शाळेत घालवलेला दिवस म्हणून कामात धरावा. त्याला निधी लागत नाही, कुलगुरूंची सही पुरते.