भुशीच्या गर्दीत नेटवर्क कोणाच्या वाट्याचं?

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मोबाईलवर रेंज पूर्ण दिसते, पण काहीच उघडत नाही. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं, चक्र फिरत राहतं आणि कणीसवाल्या मावशी पैसे जमा झाल्याच्या आवाजाकडे कान लावून उभ्या राहतात. त्या यूपीआय व्यवहाराला डेटा लागतो तो किती? शेजारी कोणी चढवत असलेल्या रीलपुढे अगदीच नगण्य. टॉवर मात्र दोघांचा एकच.

हे दुखणं जुनं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कले इथे जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्यावर तोड काढली: माहितीचं पॅकेट वाटेत गळालं की पाठवणाऱ्यानेच हात आखडता घ्यायचा. इंटरनेट आजही बरंचसं याच समजुतीवर चालतं. पण त्यात वाटणी होते ती जोडण्यांची, माणसांची नव्हे. सामायिक वाहिनीवर जो दहा जोडण्या उघडतो, तो दहा वाटे उचलतो. नेटवर्क संशोधक बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं: कोणामुळे इतरांची किती कोंडी झाली, ते मोजा.

इंटरनेट पुरवणाऱ्या काही कंपन्या मात्र सरळ वेगाची मर्यादा ठरवतात आणि त्यावरची पॅकेट टाकून देतात, मग वाहिनी मोकळी असली तरी. गुगलच्या सर्व्हरवरच्या नोंदींच्या २०१६ मधल्या अभ्यासात काही प्रदेशांत ७ टक्क्यांपर्यंत जोडण्यांवर असा बडगा आढळला. अशा जोडण्यांवर पॅकेट गळण्याचं प्रमाण इतरांच्या सरासरी सहापट होतं. गळालेलं पुन्हा पाठवावं लागतं, म्हणजे तेवढी वाहिनी फुकट गेली. त्यापेक्षा धरणासारखं जादा पाणी अडवून बेताने सोडणं केव्हाही बरं, आणि तसं तंत्र उपलब्ध आहे.

आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे सर्व मजकुराला समान वागणूक, स्वीकारली. हे मोलाचंच. पण गर्दीच्या तासाला माणसामाणसांत वाटणी कशी होते, ते ग्राहकाला कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मदतीची हाक सर्वांत आधी, त्यानंतर ॲप कोणतं ते न पाहता, कोंडीच्या वेळी ज्याचा भार जास्त त्याचा वेग आधी कमी व्हावा. मावशींचे पैसे मग आपोआप वेळेवर पोचतील.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशा जागी ११२ या मदत क्रमांकाला केलेला फोन रखडता कामा नये. कोंडीतली वाटणी कोणत्या नियमाने करता, हे कंपन्यांनी साध्या मराठीत जाहीर करावं आणि ट्रायने ते करायला लावावं. तोवर आपण एवढं तरी करू या: धरणावरचा व्हिडिओ घरी पोचल्यावर चढवू या.