तारीख मिळेपर्यंतचे दिवस

४ फेब्रुवारीच्या जागतिक कर्करोग दिनानिमित्त लवकर निदानावर दरवर्षी भरपूर बोललं जातं. निदान झाल्यावर उपचार सुरू होईपर्यंतच्या आठवड्यांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. स्कॅन, रिपोर्ट, महात्मा फुले योजनेची कागदपत्रं यांत घरचे धावत असतात आणि पेशंट खाटेला खिळतो. ‘हलू नकोस, आराम कर’ हे सांगणं प्रेमाचंच, पण त्यातच अंगातली ताकद जाते.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या २५१ रुग्णांवरची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेआधी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, सकस आहार, मानसिक आधार आणि गरजेप्रमाणे धूम्रपान सोडायला मदत, एवढंच दिलं. गंभीर गुंतागुंत २९.७ टक्क्यांऐवजी १७.१ टक्क्यांवर आली.

तंबाखू-मिश्रीच्या आपल्या भागात ही तयारी आणखी महत्त्वाची. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशननंतर जबडा आखडू शकतो. म्हणून उपचाराआधीपासूनच आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चवड दातांमध्ये धरायची आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. श्वासाच्या व्यायामासाठी मिळणाऱ्या तीन चेंडूंच्या यंत्रात अनेकजण फुंकर मारतात. खरं तर श्वास आत ओढून चेंडू वर धरायचे असतात. हे सारं डॉक्टरांना विचारून, आणि त्यासाठी उपचार लांबवायचे नाहीत.

पण ज्याला आजाराचं नावच सांगितलेलं नाही, त्याला कशाची तयारी करायला सांगणार? सगळ्या घराला ठाऊक असतं, फक्त पेशंटला नाही. तो मात्र सगळ्यांचे चेहरे वाचत असतो. मनाचा आधार सुरू होतो तो खरं बोलण्यापासून.

लोकांशी मोकळेपणानं बोलण्याचं काम कसं करावं ते सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनं केव्हाच दाखवलंय. १९८७ साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचं काम करणारे डॉ. बी. एम. नेने यांचे कार्यकर्ते नुसते आकडे भरत बसले नाहीत. गावोगाव जाऊन लोकांशी बोलले. परिणामी गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेल्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या.

तोच रस्ता आता पुढं न्यायला हवा. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं जाहीर झाली. तिथं सलाइनच्या खुर्च्यांबरोबर फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक हवेतच. गावात पाठपुरावा आशाताई करू शकतील, त्यांना प्रशिक्षण आणि त्याचं मानधन मिळालं तर. ऑपरेशनची तारीख ज्या कागदावर मिळते, त्याच कागदावर व्यायाम, आहार आणि समुपदेशकाची वेळही लिहून मिळाली पाहिजे.