मोझरीहून निघालेला प्रचारक

दोन पांढरे सदरे-पायजमे, एक भगवी टोपी, कापडात गुंडाळलेली खंजिरी, पानं सुटायला आलेली ग्रामगीता, टॉवेल, मोबाइलचा चार्जर आणि एक वही. प्रचारकाच्या पिशवीत एवढंच होतं. मोझरीच्या स्टॉपवर एसटीत जागा मिळताच त्याने पिशवी मांडीवर घेतली आणि वही उघडली. कोणत्या रात्री कोणतं गाव, जेवण कोणाकडे, सकाळी पुढे कोण सोडणार, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. पेन्सिलीने का, असं विचारलं तर म्हणाला, "भाऊ, गावात कोनाचं मयत होते, कोनाची तूर काढाची राह्यते. कार्यक्रम बदलते. खोडता आलं पायजे."

पंचविशीतला मुलगा. घरी थोडं वावर आहे, ते मोठा भाऊ पाहतो. श्रीगुरुदेव सेवा मंडळाचं प्रचारकार्य करायचं असं त्याने शिकत असतानाच ठरवलं होतं. अमरावतीहून अकोला जिल्ह्यातल्या गावांकडे निघालेल्या त्याच्या आठवड्याच्या फेरीत मी त्याच्यासोबत होतो. हे काम नेमकं कसं चालतं, ते मला जवळून पाहायचं होतं.

या मंडळाचे संस्थापक तुकडोजी महाराज यावलीचे. जन्म ३० एप्रिल १९०९, मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे, गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. बेचाळीसच्या चळवळीत अटक झाली, नागपूर आणि रायपूरचा तुरुंग झाला. १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी ते जपानलाही गेले. पण त्यांची सगळी धाव खेड्याकडे होती. ग्रामगीतेचे ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या त्यांनी गावासाठीच लिहिल्या. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. त्यांना पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि हा मुलगा तर महाराज गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला.

तरुणांना प्रचारासाठी घरापासून दूर पाठवण्याची रीत जगभर आहे. मॉर्मन पंथाचे तरुण दोन-दोन वर्षं जोडीने परमुलखात फिरतात. बुद्धाचे भिक्खू पावसाळा सोडून सतत चालत असत. आपल्या वऱ्हाडातही एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी येऊन राहिले आणि इथल्या लोकांची भाषा शिकले. मोझरीचा प्रचारक मात्र कोणालाही देव बदलायला सांगत नाही. त्याच्या प्रार्थनेत समोर मांडलेलं अधिष्ठान म्हणजे एक आसन आणि लोड. तिथे कोणत्याही एका देवाची मूर्ती नसते. हिंदू, मुसलमान, बौद्ध, कोणीही त्यासमोर बसावं, एवढाच आग्रह.

अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण पाच दिवसांत झालं आणि त्याचा विश्वविक्रम नोंदला गेला. त्या रस्त्याने मूर्तिजापूर कधी आलं ते कळलं नाही. पुढे फाट्यावर उतरलो, शाखेच्या सेवाधिकाऱ्याने मोटारसायकल आणली होती, आणि मग काळ्या मातीतून जायला महामार्गाइतकाच वेळ लागला. हा पूर्णेचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, साबणाला फेस येत नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडची कितीतरी गावं वान धरणातून येणाऱ्या ८४ खेडी योजनेच्या पाण्यावर तहान भागवतात. अशा गावांत सकाळी बाईचा जीव नळाकडे लागलेला असतो, हे प्रचारकाला माहीत हवं. या मुलाला ते माहीत होतं. नळाच्या वेळेवर त्याने एकही कार्यक्रम ठेवला नव्हता.

संध्याकाळी समाजमंदिरासमोर सतरंज्या अंथरल्या गेल्या. हवेत ओल होती, म्हणून खंजिरीचं कातडं सैल पडलं होतं. समोरच्या घरच्या चुलीवर दुरूनच ते शेकून आणलं. प्रार्थना वेळेवर म्हणजे वेळेवरच सुरू झाली, सरपंच यायचे होते तरीही. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, ओळी सरळ. आधी शांत बसणं, मग प्रार्थना, भजन, शेवटी राष्ट्रवंदना आणि जयघोष. पोट्टे चुळबुळ करत होते, पण ओळ कोणी मोडली नाही. नंतर तो बोलला, अगदी थोडं. महाराजांच्या आठवणी सांगून लोकांना रडवणं त्याला सहज जमलं असतं, त्याचा आवाज तसा आहे. त्याने ते केलं नाही. उद्या पहाटे गाव झाडायला किती जण येणार, तेवढं विचारलं. बरेच हात वर झाले.

पहाटे मात्र वर झालेल्या हातांपेक्षा खूप कमी माणसं आली. ध्यान आटोपून आम्ही बाहेर पडलो तेव्हा दोन म्हातारे, शाखेचा सेवाधिकारी, आठवीतला एक पोरगा आणि आम्ही, एवढेच होतो. प्रचारकाने कोणाबद्दल चकार शब्द काढला नाही. खराटा घेतला आणि रामधून म्हणत वेशीपासून सुरुवात केली. हे काम कसं करायचं, याचं त्याचं एक शास्त्र आहे. आधी नाली मोकळी करायची, मग रस्ता झाडायचा, नाहीतर नालीतला गाळ झाडलेल्या रस्त्यावर येतो. कचऱ्याचे लहान लहान ढीग करायचे, मोठा ढीग उचलायला कोणी पुढे येत नाही. आणि ज्याच्या दारासमोर घाण जास्त, त्याच्या दारासमोर सगळ्यात जास्त वेळ झाडायचं. तसं झालंही. एका ओट्यावर दात घासत उभा असलेला माणूस बराच वेळ पाहत राहिला, मग घरात जाऊन घमेलं घेऊन आला. "आना इकडं, माह्याच दारचं हाये," म्हणाला. नळ येईपर्यंत तिकडे आणखी चार बाया झाडू लागल्या होत्या. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत, ते याच मुलखात. शेंडगावचा जन्म, वलगावजवळ अखेर. लोकांना तो क्रम अजून ओळखीचा आहे, फक्त कोणीतरी सुरुवात करावी लागते.

एका माउलीने नवऱ्याच्या दारूचं गाऱ्हाणं सांगितलं. त्याने उपदेश केला नाही. नवऱ्याचं नाव आणि नंबर वहीत लिहून घेतला आणि दर दोन दिवसांनी फोन केला. फोन कधी उचलला जाई, कधी नाही.

आठवड्याच्या मध्यावर वहीतली पेन्सिल खरंच कामी आली. अकोट तालुक्यातल्या एका गावात शाखेच्या जुन्या सेवकाचं निधन झालं. अकोल्यातला विद्यार्थी वसतिगृहाचा कार्यक्रम खोडून आम्ही तिकडे निघालो. अंत्ययात्रेत भजन झालं, घाटावर सामुदायिक प्रार्थना झाली. खरं काम त्यानंतर सुरू झालं. घरात तेरवीची चर्चा चालली होती. गावजेवण द्यायचं तर पैसा उभा करायला हवा, कापसाचे पैसे तर आधीच वाटले गेलेले. मोठा मुलगा खाली मान घालून बसला होता.

ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर वेगळा अध्याय आहे. मला वाटलं, तो आता पोथी काढेल. त्याने काढली नाही. तो मयताच्या म्हाताऱ्या बहिणीजवळ जाऊन बसला. "आत्या, मामाजीनं कोनाच्या तेरवीत जेवन केलं होतं का?" म्हातारी म्हणाली, "नाई रे बाप्पा. प्रार्थना झाली का उठून येत जाय तो." "मंग त्याहिच्या तेरवीले काय कराचं, तुमीच सांगा." बराच वेळ कोणी बोललं नाही. भावकीतल्या एकाने विरोध केला, लोक नावं ठेवतील म्हणाला. शेवटी ठरलं ते असं: तेराव्या दिवशी प्रार्थना आणि श्रद्धांजली, जेवण फक्त बाहेरगावच्या पाहुण्यांना. कर्ज काढायचं नाही. प्रचारकाला जेवण पूर्णच टाळायचं होतं, पण त्याने ताणलं नाही. परतताना म्हणाला, "पोराच्या डोक्यावरचं कर्ज टळलं, लय झालं." माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं काम हेच होतं, आणि कोणत्याही अहवालात ते बसणार नाही.

अकोल्यात एक मुक्काम झाला. तिथे उन्हाळ्यातल्या सुसंस्कार शिबिरासाठी मुलांची नावं घ्यायची होती. पालक विचारत होते, शिबिरात इंग्रजी शिकवता का. तो सरळ नाही म्हणाला. पहाटे उठणं, स्वतःचं ताट धुणं, भजन, व्यायाम, एवढं शिकवतो म्हणाला. काही पालक निघून गेले, काहींनी नावं दिली.

या फेरीत एक गोष्ट मला सलत राहिली. काही गावांत शाखेचा फलक आहे, अधिष्ठान आहे, पण प्रार्थना फक्त प्रचारक येतो त्या संध्याकाळी होते. पुण्यतिथीला हीच गावं गाड्या करून गुरुकुंजाला जातात, ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजलीला लाखोंच्या गर्दीत उभी राहतात, त्या मौनात डोळे भरून येतात. ती भक्ती खरी आहे, मी ती पाहिली आहे. पण महाराजांनी गावातली रोजची प्रार्थना मागितली होती आणि ती चालवायला प्रचारकाची गरज नाही. एक तरणा मुलगा वर्षातून एकदा येऊन गाव झाडून जातो आणि मधले दिवस नाली तुंबलेलीच राहते, हे त्याच्या कष्टांशी बरं वागणं नव्हे.

तुमच्या गावच्या शाखेची सतरंजी आणि लोड कपाटात पडले असतील, तर ते बाहेर काढा. ३० एप्रिलच्या ग्रामजयंतीची वाट पाहू नका. चार माणसं बसली तरी प्रार्थना होते. आणि भगवी टोपी घातलेला असा एखादा मुलगा मुक्कामाला आला, तर त्याला जेवू घालाच, पण दुसऱ्या दिवशी पहाटे खराटा घेऊन तासभर त्याच्यासोबत निघा.