बोट विकत मिळते, सज्जता नव्हे

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या शहराच्या वस्त्यांतून बोटी फिरू लागल्या. राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद दलांनी आणि लष्कराने शेकडो नागरिकांना बाहेर काढले. तरीही चौघांना प्राण गमवावे लागले.

अशा आपत्तीनंतर ‘आणखी बोटी घ्या’ ही मागणी होतेच, आणि ती गैर नाही. परंतु बोट असणे आणि ती ऐन वेळी चालणे या भिन्न गोष्टी आहेत. हा भेद समजण्यासाठी छोट्या बोटीच्या मागच्या फळीवर बसवतात त्या आउटबोर्ड मोटरीकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

ही मोटर फळीच्या बरोबर मध्यावर अडकवून पकडीच्या स्क्रूंनी आवळतात. थरथरीने स्क्रू सैल होतात, म्हणून थोडे अंतर चालवून ते पुन्हा आवळावे लागतात. शिवाय मोटर साखळीने बोटीला बांधतात, कारण निसटलेली मोटर सरळ तळ गाठते. पुढचा प्रश्न उंचीचा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारणतः बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी. मोटर उंच बसली तर पंखा हवा ओढतो. इंजिन गर्जते, बोट मात्र रेंगाळते. फार खाली बसली तर पाण्याचा अवरोध वाढतो. तिसरा प्रश्न कोनाचा. मोटर आत झुकली की बोटीचे तोंड पाण्यात दबते. बाहेर झुकली की ते उचलले जाते. योग्य कोन कोणता, हे बोटीत किती माणसे कोठे बसली आहेत यावर ठरते आणि ते पाण्यावरच उमगते. शहरी पुरात तर पाण्याखाली दुभाजक, कुंपणे आणि वाहने दडलेली असतात. तेथे पुढे जाताना अडथळ्याला आपटताच मोटर वर उचलली जावी, अशी तिची खिटी मोकळी ठेवावी लागते.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही भांडवली व महसुली खर्चातील भेद शिकवतो. बोट आणि मोटर यांची खरेदी हा भांडवली खर्च. त्याचा समारंभ होतो, छायाचित्र निघते. सरावात जाळलेले पेट्रोल, ग्रीस, बदललेले प्लग आणि शिकणाऱ्याचा दिवस हा महसुली खर्च. त्याची फीत कोणी कापत नाही. म्हणूनच हात आखडता घेण्याची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. मग भांडवल नोंदवहीत शाबूत राहते आणि कोठारात गंजते.

पूर रोज येत नाही, मग सरावावर खर्च कशाला, असा आक्षेप संभवतो. परंतु विम्याचा हप्ता आपण अपघात रोज होतो म्हणून भरत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक बचाव बोट तलावात उतरवावी; ती पुरात जे चालवणार, त्यांनीच मोटर बसवावी, माणसे भरून चालवावी आणि आढळलेले दोष लिहून ठेवावेत. पिढ्यान्‌पिढ्या तलावांवर वावरलेल्या विदर्भातील ढिवर बांधवांना या कामात मानधनासह स्थान द्यावे. अंदाजपत्रकात बोटीच्या किमतीशेजारीच ही तरतूद दिसली पाहिजे. छपरावर अडकलेल्या माणसाला बोटीची किंमत ठाऊक नसते. मोटर पहिल्या ओढीत सुरू झाली की नाही, एवढेच त्याला कळते.