सहा मिनिटं आणि एक वही

ऐकू येणारी इंग्रजी : लेखांक ४

पॉडकास्ट कुठे मिळतात आणि ते मोबाइलवर कसे उतरवून घ्यायचे, हे मागच्या लेखांकात पाहिलं. आठवडाभर ऐकल्यावर तुमच्यापैकी अनेकांना एकच अनुभव आला असेल. आवाज स्पष्ट आहे, विषय ओळखीचा आहे, तरी वाक्यं निसटून जातात. तेच बोलणं छापून समोर ठेवलं तर मात्र क्वचितच एखादा शब्द अडतो. मग गाडी नेमकी कुठे अडते?

मराठी आपल्या आधी कानावर पडली, अक्षरं नंतर आली. इंग्रजीच्या बाबतीत हे उलटं झालं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. पण आपल्यापैकी बहुतेकांनी धडा वाचला, अर्थ मराठीत समजून घेतला आणि उत्तरं वहीत लिहिली. त्यामुळे शब्दाचं स्पेलिंग डोळ्यांसमोर पक्कं आहे, पण त्याचा आवाज आपण स्पेलिंगवरून मनाशी बांधलेला आहे. जसं लिहिलं तसं वाचायचं, ही देवनागरीची सवय त्यात भर घालते. प्रत्यक्ष बोलण्यात तो शब्द वेगळ्याच रूपात येतो आणि ओळखीचा असूनही आपल्याला परका वाटतो.

हे रूप का बदलतं, याचं उत्तर आपल्याच व्याकरणात आहे. 'सत्' आणि 'जन' मिळून 'सज्जन' होतो, हे आपण शाळेत शिकलो. 'अंबा'मधल्या अनुस्वाराचा उच्चार 'म्' होतो आणि 'आनंद'मधल्या अनुस्वाराचा 'न्', कारण पुढचं अक्षर मागच्याला आपल्याकडे ओढतं. इंग्रजीतही अशा संधी क्षणोक्षणी होतात, फक्त त्या लिहून दाखवत नाहीत. 'टेन बॉइज' बोलताना 'टेम बॉइज' होतं, 'डिड यू'चं 'डिजू' होतं, 'लास्ट नाइट'मधला 'ट' गळून 'लास नाइट' उरतं. 'व्हॉट आर यू गोइंग टु डू' हे सहा शब्द भरभर बोलताना 'व्हॉच्या गना डू' असे बाहेर पडतात. आपण तरी काय करतो? 'बसला आहे' लिहितो आणि 'बसलाय' म्हणतो. पुस्तकातून मराठी शिकलेला माणूस त्यात 'आहे' शोधत राहील. इंग्रजी ऐकताना आपली गत तीच होते.

दुसरं कारण आघाताचं. मराठीत वाक्यातल्या प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत अर्थाचे शब्द ठसठशीत उच्चारतात आणि 'ऑफ', 'टु', 'फॉर', 'अँड', 'कॅन' यांसारखे छोटे शब्द त्यांच्यामध्ये दबून जातात. त्यांतल्या स्वराचा पुसट 'अ' होतो. 'कप ऑफ टी' हे 'कपअ टी' असं ऐकू येतं. यातून अर्थाचा अनर्थही होऊ शकतो. 'आय कॅन कम' या वाक्यातला 'कॅन' जेमतेम 'क्न' एवढाच उरतो, पण नकारातला 'कान्ट' पूर्ण जोर घेऊन येतो. नकारातला शेवटचा 'ट' अनेकदा ऐकूच येत नाही. म्हणून 'ट'ची वाट पाहत बसू नका, आघात ऐका. शब्द ठळक ऐकू आला तर तो बहुधा नकार असतो.

हे एकदा समजलं की आवाज मोठा करून किंवा आणखी शब्द पाठ करून काम का भागत नाही, ते कळतं. कानाला रियाज हवा. गवई एकच पलटा शंभरदा घोटतो. आपल्यालाही दहा भाग एकेकदा ऐकण्याऐवजी एकच भाग दहा वेळा ऐकायचा आहे.

या रियाजासाठी मी बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' सुचवेन. रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचं काम बीबीसी १९४३ पासून करत आहे. या कार्यक्रमात दोन निवेदक एका विषयावर गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, सहा नवे शब्द वापरून दाखवतात आणि शेवटी उत्तर सांगून शब्दांची उजळणी करतात. मधे एखाद्या जाणकाराच्या बोलण्याचा तुकडाही असतो. तो नेहमीच्या वेगाचा असल्यामुळे आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. सोबतचा मजकूर बीबीसीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

अगदीच नवखे असाल तर व्हॉइस ऑफ अमेरिकाची पद्धत लक्षात ठेवा. त्यांनी १९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं. सुमारे दीड हजार शब्दांचा साठा, छोटी वाक्यं आणि संथ वाचन अशी त्याची घडण होती. पहिली पायरी म्हणून संथ इंग्रजी चांगली. पण तिच्यावरच मुक्काम करू नका. संथ बोलण्यात शब्द सुटे सुटे होतात, आणि ज्या संधी ओळखायला शिकायचं आहे त्याच नाहीशा होतात.

आता आठवड्याची आखणी. सोमवारी काहीही न वाचता भाग दोनदा ऐका आणि विषयाचा गाभा तीन मराठी वाक्यांत कुणाला तरी सांगा. मंगळवार आणि बुधवार श्रुतलेखनाचे. बाई वाचत आणि आपण लिहीत असू, तेच. जाणकाराच्या बोलण्यातला तीस ते चाळीस सेकंदांचा तुकडा निवडा. एकेक वाक्य ऐकून थांबवा आणि वहीत उतरवा. कळलं नाही तिथे रेघ मारून पुढे जा. तोच तुकडा चार-पाच वेळा ऐकून जमतील तेवढ्या रेघा भरा. वेग मात्र कमी करू नका.

गुरुवारी मजकूर उघडा आणि लाल शाईने स्वतःची वही तपासा. तो मजकूर शब्दशः नसल्याची सूचना बीबीसीच देते, त्यामुळे एखादा शब्द जुळला नाही तर पुन्हा ऐकून कानावर विश्वास ठेवा. प्रत्येक चूक कोणत्या जातीची आहे ते समासात लिहा. शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण संधीत ओळखला नाही, की छोटा शब्द दबून गेला? दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या चुका किती आहेत, ते मोजा. शब्दसंग्रह कमी आहे म्हणून स्वतःला दोष देणं तिथेच थांबेल.

शुक्रवारी तोच तुकडा लावून निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने बोला. आरतीत पुढचा म्हणतो आणि आपण त्याची लय धरतो, तसं. जी संधी जिभेवर बसते ती कानाला चटकन ओळखू येते. शनिवारी मजकूर बाजूला ठेवून पूर्ण भाग शेवटचा ऐका. सोमवारच्या आणि आजच्या ऐकण्यातलं अंतर तुमचं तुम्हाला जाणवेल.

रविवार मोकळा ठेवा. त्या दिवशी वही नको. ज्या विषयाची खडानखडा माहिती आहे त्याचा पॉडकास्ट ऐका. क्रिकेटवेड्यांसाठी बीबीसीचं 'टेस्ट मॅच स्पेशल' आहे. रेडिओवर ते १९५७ पासून चालू आहे आणि आता पॉडकास्ट म्हणूनही ऐकता येतं. सामना आपल्याला कळतो, त्यामुळे सुटलेला शब्द संदर्भाने भरून निघतो.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. आयईएलटीएसच्या श्रवण परीक्षेत चार भाग आणि ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. म्हणून शनिवारी, आठवड्याचा भाग संपवल्यावर, एक अगदी नवा भाग मधे न थांबवता फक्त एकदा ऐका आणि काय कळलं ते लगेच लिहून काढा.

पुढच्या लेखांकात ब्रिटिश, अमेरिकी आणि भारतीय उच्चारांकडे वळू. तोवर एवढं करा : एक वही घ्या, पहिल्या पानावर तारीख घाला आणि पहिलं श्रुतलेखन उतरवा. ते पान लाल शाईने भरलं तरी फाडू नका. दोन महिन्यांनी तोच तुकडा पुन्हा लिहा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहा.