सत्याग्रहातला ‘आग्रह’

पंगतीत जिलबीचा आग्रह होतो, लग्नपत्रिकेवर ‘आग्रहाचे निमंत्रण’ छापलेले असते. तोच शब्द तेलुगूत गेला की संताप होतो. मल्याळममध्ये ‘आग्रहम्’ म्हणजे मनातली इच्छा, बंगालीत ‘आग्रह’ म्हणजे उत्सुकता, नेपाळीत विनंती. तेव्हा संस्कृतातून आलेल्या शब्दाला सगळीकडे एकच अर्थ असतो, ही समजूत इथेच गळून पडते. धातू मात्र एकच आहे: ‘ग्रह्’, म्हणजे धरणे. जे घट्ट धरले ते कुठे ओढ झाले, कुठे हट्ट, कुठे राग.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या मातीत हा शब्द ‘सत्य’ बरोबर घेऊन, ‘सत्याग्रह’ होऊन आला.

‘सत्याग्रह’ हा प्राचीन शास्त्रातला शब्द, असे अनेकांना वाटते. त्याचे दोन्ही तुकडे जुने आहेत, पण जोड विसाव्या शतकातली आहे आणि ती जुळली दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या भारतीयांच्या लढ्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ म्हणत. त्यातून दुर्बळांचे हत्यार असा अर्थ निघे आणि तो गांधीजींना खटके. ‘इंडियन ओपिनियन’मधून त्यांनी वाचकांकडे नवे नाव मागितले, बक्षीसही लावले. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवले, म्हणजे चांगल्या कामाचा आग्रह. गांधीजींनी १९०८ च्या सुरुवातीला त्याचे ‘सत्याग्रह’ केले. गुजराती लिहिणाऱ्यांच्या विचारातून निघालेला हा शब्द पुढे मराठी, हिंदी, तमिळमध्ये रुळला आणि इंग्रजी शब्दकोशांतही शिरला.

सत्याग्रह म्हणजे उपोषण, ही समजूत तर घट्ट बसली आहे. मुळशीचा लढा तसा नव्हता. नीला-मुळा नद्यांच्या खोऱ्यातली भातखाचरे टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणाखाली जाणार होती. ते थांबवण्यासाठी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पाडले. उपाशी राहणे हा सत्याग्रहाचा एक प्रकार. जागा धरून बसणे हा दुसरा, आणि ‘ग्रह्’च्या मूळ अर्थाशी तो अधिक जवळचा.

हा लढा गांधीजींनी चालवला, असेही काही जण सांगतात. त्याचे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचे होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. मात्र गांधीजींच्या सत्याग्रहाची चौकट बापटांना पुरी मान्य नव्हती. आपल्या मार्गाला ते ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणत. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी शस्त्रांसह अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. म्हणजे शब्द जन्मून दोन दशकेही झाली नव्हती, तोच तो कुणाचा आणि कुठवर जातो, यावर मुळशीतच मतभेद झाला होता.

पुढे धरण झाले आणि खोरे पाण्याखाली गेले. तालुक्यातली माणसे मात्र अजून ‘मुळशीचा सत्याग्रह’ असेच म्हणतात.