एका बटेवरून ५ सर्गांचं ‘महायुद्ध’! मॉक-एपिक म्हणजे काय?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. इंग्लंडमधल्या लॉर्ड पीटर या तरुण उमरावाने अरबेला फर्मर या तरुणीच्या केसांची बट तिला न विचारता कापली आणि दोन घराण्यांत वितुष्ट आलं. दोन्ही कुटुंबं कॅथलिक. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांना सरकारी पदं बंद, वर जादा कर. अशा मूठभर समाजाला आपसातलं भांडण परवडणारं नव्हतं. म्हणून जॉन कॅरिल या स्नेह्याने कवी अलेक्झांडर पोपला गळ घातली: यावर काहीतरी हलकंफुलकं लिही, म्हणजे सगळे हसतील आणि प्रकरण मिटेल.

पोपने काय केलं?

पेल्यातलं वादळ त्याने थेट होमरच्या थाटात मांडलं. विषय क्षुल्लक आणि आव रणांगणाचा, हेच मॉक-एपिक. महाकाव्यात योद्धा चिलखत चढवतो, इथे नायिका बेलिंडा आरशासमोर नटते. ढालीच्या जागी घेरदार पेटीकोट आणि त्याच्या रक्षणाला ५० अदृश्य पऱ्या! लढाई पत्त्यांच्या डावात होते. शेवटच्या झटापटीत तर शस्त्र म्हणून चिमूटभर तपकीर.

चिमटा कुठे बसतो?

बेलिंडाच्या टेबलावर पावडर, प्रेमपत्रं आणि बायबल एकाच ढिगात पडलेली असतात. पण सर्वात बोचरी जागा वेगळीच आहे. ज्युरींना जेवायला उशीर नको म्हणून माणसं फासावर जातात, हे पोप जाता जाता सांगतो आणि पत्त्यांकडे वळतो.

काव्याचं नाव ‘द रेप ऑफ द लॉक’. यातल्या ‘रेप’चा अर्थ बळजबरीने हिरावून नेणं.

मग समेट झाला?

१७१२ मध्ये २ सर्ग छापले गेले, १७१४ मध्ये त्यांचे ५ झाले. चार दिवसांत ३,००० प्रती खपल्या, असं पोपनेच पत्रात लिहिलंय. तोवर लॉर्ड पीटर दुसरीशी लग्न करून देवीच्या आजाराने गेलाही होता. अरबेलाची मात्र पंचाईत झाली. समजूत जिची काढायची, तिचीच बट जगजाहीर! अखेर पोपने तिलाच अर्पणपत्रिका लिहिली आणि बेलिंडाशी तिचं साम्य फक्त सौंदर्यापुरतं आहे, असा खुलासा केला.

काव्याच्या शेवटी ती बट आकाशात जाऊन तारा होते. युरेनसच्या दोन चंद्रांची नावं याच काव्यातली: अंब्रिएल आणि बेलिंडा. त्यातला बेलिंडा १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ च्या फोटोंत सापडला.